माळाची पैज

आमी धनगर, मास्तर. माहं नाव खंडू. गाव इथून सेनगावच्या अंगाला, कयाधूच्या काठी, भाकर बांधून सकाळी पायी निघालं तर दिवस कलता कलता मानूस हिंगोलीत येते. तुमी मला रोज या दुकानात पोतं हातरून बसलेला पाहता, चाकाच्या तारा आवळताना पाहता, तर तुमाला वाटत असन हा पिढीजात मिस्त्री हाय, तसं काही न्हाई. दुकान रहीमचाचाचं, म्या त्याहीचा गडी, आन आज्या-पंज्यापासून आमी मेंढराच्या मागं. बाप माहा हिवतापानं गेला, म्या तव्हा इतका लहान व्हतो का मेंढीच्या पाठीला हात पुरत न्हवता, आन मायनं पदर खोचला, बापाची काठी उचलली आन निघाली मेंढरामागं. लोक म्हनले, बाईमानसाचं काम न्हाई, भावाच्या हवाली कर. माय म्हनली, भाऊ दोन साल सांभाळन आन तिसऱ्या साली मलाच इचारन का तू कोन. अशी माही माय. तोंडानं तिखट, पन मेंढरू आजारी पडलं तर त्याच्यापाशी बसून रडनारी, आन आमच्या कुत्र्यायला स्वतःच्या आधी भाकर टाकनारी.

आता माळ म्हंजे काय ते सांगतो, त्याच्याबिगर पुढचं कळनार न्हाई. गावाच्या वरल्या अंगाला मोठा माळ हाय, मुरमाड, पन पावसाळा सरला का त्याच्यावर गुडघ्याएवढं गवत राहायचं, आन दिवाळीपासून होळीपस्तोर आमची चार-पाच घरं धनगराची, त्यायची मेंढरं त्याच्यावरच जगायची. तो माळ नसला तर बिऱ्हाड पाठीवर टाकून वऱ्हाडात हिंडा, कोनाच्या रानात बसा, कोनाच्या शिव्या खा, पिल्लं वाटंनं मरतात. माळ मालकाचा. मालक दोघं भाऊ, थोरले आन धाकले. वाटन्या झाल्या तव्हा रानं वाटली, बैलं वाटली, पराती-घंगाळं वाटली, माळ तेवढा वाटायचा राहिला. थोरले म्हनायचे नांगरून टाकू, कापूस लावू, हिंगोलीत जिनिंगवाले भाव देऊन राहिले. धाकले म्हनायचे, आज्यानं मेंढरासाठी सोडलेला माळ म्या मोडू देनार न्हाई. दोघं एका आईचे, पन एकाचं तोंड उगवतीला तर दुसऱ्याचं मावळतीला.

म्या सायकल कुठं शिकलो म्हनता? इथंच. आमी घोंगड्या घेऊन बाजाराला यायचो, माय घोंगड्या मांडून बसली का म्या चाचाच्या दुकानापुढं उभा. चाचाजवळ एक जुनाट गाडी व्हती, रंग गेलेला, बसायची जागा फाटलेली. चाचा म्हनले, ए धनगर, देखताच खडा रहता क्या, बैठ के देख. बसलो आन पडलो, बसलो आन पडलो, कोपरं फुटले, माय म्हनली दोन पायाचं लेकरू जल्माला घातलं ते याला कमी पडून राहिलं व्हय. पन आली मला. आता एक ध्यानात ठेवा मास्तर, त्या गाडीला हाताचं बिरीक न्हवतं. थांबायचं तर पायडल उलटं दाबायचं, पायानंच पळवायची आन पायानंच थांबवायची. माह्या पायाला तेच ठाव झालं.

मंग एका दसऱ्याला सोनं वाटताना दोघं भाऊ पारावर समोरासमोर आले. थोरल्याच्या घरी त्याहीचा भाचा राहायला व्हता, इथं हिंगोलीत शिकलेला, त्याच्याजवळ सायकल व्हती आन तो ती गल्लीतून घंटी वाजवत फिरवायचा, कोंबड्या उडायच्या. थोरले म्हनले, का रे धाकल्या, मेंढरावर बसून फिरतो का तू? लोक हसले. धाकल्याला झोंबलं, म्हनले म्या नवी कोरी आनतो, तुह्या भाच्याच्या म्होरं पळवतो. थोरले म्हनले, पळव ना, तुही गाडी आधी आली तर माळाचं तू म्हनशीन ते, माही आली तर म्या म्हनन ते. सारं गाव उभं. धाकल्यानं सोन्याची पानं थोरल्याच्या हातात ठेवली आन म्हनले, झालं. भावाभावाची थट्टा व्हती हो ती, दोघायचं पोट भरलेलं, पन त्या थट्टंवर आमची मेंढरं टांगली गेली.

सायकल येते तरी कोनाला? धाकले आडदांड, त्याहीला घोडं पेलायचं न्हाई. ते आमच्या खोपटात आले, म्हनले खंडू, तूच. माय चुलीपाशी व्हती, ती उठून उभी राहिली, म्हनली मालक, लेकराच्या हातात तुमी चार घराची भाकर देऊन राहिले. मालक म्हनले, त्याच्याबिगर कोन हाय माय? दुसऱ्या दिसी बाकीच्या घरचे म्हातारे आले, एकानं माह्या डोक्यावरून हात फिरवला. मला तव्हा मिसरूड फुटलेलं, म्या म्हनलो भिऊ नका, म्या त्या भाच्याला मागं पाहू देत न्हाई. जवानीत तोंडाला लगाम नसतो.

शर्यत ठरली दिवाळीच्या पाडव्याला. मारोतीच्या पारापासून निघायचं, नदीकाठच्या चिंचंखाली गावचा कोतवाल नारळं घेऊन उभा राहीन, त्याच्या हातचं नारळ घ्यायचं आन माघारी पारावर यायचं. वाट बैलगाडीची, अर्धी सपाट, आन मंग नदीकडं जो उतार लागते तो लागते. नवी गाडी परभनीहून यायची व्हती, ती आली पाडव्याच्या आदल्या दिसी, कडब्याच्या गाडीत घालून, अंगाला कागद गुंडाळलेले. म्या धावत गेलो, म्हनलो मालक एक चक्कर मारू द्या. मालक म्हनले, खुळा झाला का, नव्या वस्तूची पूजा झाल्याबिगर तिच्यावर बूड टेकवायचं न्हाई, बैल असो का यंत्र असो. तुमीच सांगा मास्तर, तुमच्याकडंबी असंच करतात का न्हाई? मालकानं मला तोंडी शिकवलं, हे बघ, हाताखाली या दांड्या, या दाबल्या का खाली चाकाला रबर लागते आन गाडी थांबते, हिचं पायाशी काही न्हाई. म्या म्हनलो, व्हय. व्हय म्हनायला काय लागते. मालकाच्या वाड्यात सोयरे उतरले व्हते, जागा न्हवती, म्हनून गाडी गोठ्यात ठेवली.

गोठा झाडायला माही माय जायची. पाडव्याच्या दिसी तांबडं फुटायच्या वक्ती ती गेली, शेन काढलं, आन सनाचं म्हनून जनावरायच्या शिंगाला तेल लावलं, खुराला तेल लावलं. आमच्यात हाय तसं. लांबच्या वाटंला निघायच्या आधी आमी मेंढराच्या खुराला तेल लावतो, खूर मऊ राहते, चिरत न्हाई, जनावर अडत न्हाई. तर त्या कोपऱ्यात ही नवी गाडी उभी. मायनं पाह्यलं का हीबी आज पळनार हाय, आन हिच्यावर आपलं सारं हाय, आन हिला कोनी हात लावला न्हाई. तिनं गाडीच्या शिंगाला, म्हंजे मुठीला, तेल लावलं. मंग खूर. रबर तिला चामड्यावानी वाटलं, चामड्याला काय लावायचं, पन आतली ती चकचकीत रिंग, तोच खूर. वाटीभर करडीचं तेल घेऊन दोन्ही चाकायच्या रिंगा तिनं आतून बाहेरून चोळल्या, वर देवाचा भंडारा लावला. मुठी मालकानं पूजंच्या आधी पुसल्या, हात सटकून राहिले म्हनून, रिंगा कोनाच्या ध्यानात येतात. मला म्हनली, खंडू, म्या त्याला चांगलं तेल चोळलंय, मऊ पळन बघ. म्या म्हनलो, माय, तुहा हात लागला म्हंजे झालं.

पूजा झाली, नारळ फुटलं, डफडं वाजलं. भाचा पांढरी पाटलून घालून आला. आमी दोघं पारापाशी उभे राहिलो, कोनीतरी फेटा हवेत टाकला आन निघालो. आन मास्तर, काय सांगू तुमाला, ती नवी गाडी काय पळाली! चाचाच्या गाडीनं मांड्या भरून यायच्या, हिचं तर पायडल दाबलं न दाबलं का ही म्होरं, पाय थांबवला तरी ही थांबत न्हाई, खाली नुसतं टिकटिक टिकटिक वाजते. मला ते नवीन. जुन्या गाडीचे पाय आन चाक बांधलेले, हिचे पाय मोकळे. भाचा मागं राहिला, म्या त्याचा धापा टाकायचा आवाजबी ऐकत न्हवतो, दोन्ही अंगाला लोक, आमच्या धनगराच्या बाया पदर हालवून राहिल्या, म्या मनात म्हनलो झालं, माळ आपला झाला.

मंग उतार लागला. चिंच दिसली, कोतवाल दिसला, त्यानं नारळ वर धरलं. थांबायला पाहिजे म्हनून म्या पाय उलटा दाबला, पायाला तेच ठाव ना. पायडल मागं नुसतं गरगर फिरलं. पुन्हा दाबलं, पुन्हा गरगर. तव्हा मालकाचं सांगनं ध्यानात आलं, हात, हात. दोन्ही दांड्या आवळल्या, मुठी पांढऱ्या होईस्तोर आवळल्या. खाली रबर रिंगंला लागलं ते मला कळलं, आन ते नुसतं घसरत राहिलं. गाडी काही थांबंना. कोतवाल नारळ टाकून बाजूला उडाला, चिंच गेली, काठ आला, आन काठाखाली कयाधूचे काळे खडक.

पानी घोट्याएवढं व्हतं, बुडालो न्हाई. गुडघा खडकावर आपटला त्याचा आवाज मला अजून ऐकू येते. पडल्या पडल्या म्या वर पाह्यलं, तर भाचा आला, सावकास बिरीक दाबून थांबला, नारळ घेतलं, मला पाह्यलं आन माघारी वळला. त्याला दोष न्हाई देत म्या, पैज व्हती. माय पळत आली, अनवानी, ती थेट पान्यात शिरली आन माहं डोकं मांडीवर घेऊन बसली. माळाचं नाव तिनं तव्हा काढलं न्हाई. लेकरा, लेकरा, एवढंच.

हाड बसवनाऱ्यानं बांबूच्या पट्ट्या बांधल्या, पन गुडघा वाकडाच बसला, तो हा असा, वळत न्हाई. म्या तापात पडलेलो. गावात बोलायला लागले, धनगराचं पोरगं पिऊन बसलं व्हतं, कोनी म्हनले थोरल्याचं खाल्लं त्यानं. आमच्याच घरचे म्हातारे, डोक्यावर हात फिरवनारे, दारावरून जाताना तोंड फिरवायला लागले. म्या काय सांगू, मलाच कळंना का थांबली काहून न्हाई. मंग धाकल्यानं गाडी नीट करायला रहीमचाचाला बोलावलं. चाचानं चाक उचललं, रिंगंवरून आतून बोट फिरवलं, बोट नाकाला लावलं, आन माह्या खाटंपाशी आले. हळूच म्हनले, रिंग कू तेल कोन लगाया रे? बिरीक कैसा लगता फिर? माह्या अंगातला ताप उतरून गार पानी झालं हो. म्या म्हनलो, चाचा, मायनं. चाचानं बोट फडक्याला पुसलं. तेवढ्यात माय घागर घेऊन आत आली, घागर खाली न ठेवताच इचारलं, भाऊ, काय झालं व्हतं यंत्राला? आन चाचानं माह्याकडं पाह्यलं, मंग तिच्याकडं पाह्यलं, आन म्हनले, कुछ नै माय, कुत्ता आडा आया. म्या म्हनलो, व्हय माय, कुत्रं आडवं आलं.

आता तुमी म्हनसान, खरं सांगून मोकळं व्हायचं व्हतं, पिऊन बसला म्हनून घ्यायपेक्षा बरं. मास्तर, म्या खरं सांगितलं असतं तर साऱ्या गावानं माह्या मायला धरलं असतं. चार घराची भाकर घालवली म्हनून बायायनं तिला पानवठ्यावर पानी भरू दिलं नसतं. आन ते बी जाऊ द्या, लोकायचं काय. तिचं तिलाच कळलं असतं ना. बापाच्या मागं जिनं मेंढरं जगवली, तिनं स्वतःच्या हातानं, ते बी माया करून, तो माळ घालवला, हे घेऊन ती कशी जगली असती? म्या म्हनलो, त्यापेक्षा मला बेवडा म्हना.

थोरल्यानं शब्द पाळला. थंडीतच माळाला नांगर लागला. बाकीची घरं बिऱ्हाडं घेऊन वऱ्हाडाकडं निघून गेली. आमचं कोन जानार? म्या असा, माय एकटी. तिनं मेंढरं बाजारात आनली, इथंच, हिंगोलीत. दलाल मेंढीच्या पाठीचं मांस चाचपून राहिला आन माय त्याला एकेकीचं नाव सांगून राहिली, ही पांगळी, ही चांदी, हिला सांभाळा, ही पान्याला भेते. दलाल म्हनला, म्हातारे, खाटकाला काय सांगते हे. ती तव्हा म्हातारी न्हवती, मास्तर. त्या दिसापासून झाली.

मेंढरं गेली, खोपटात काय ठेवलं. चाचा म्हनले, पाव गया तो क्या हुआ, हात तो है, बैठ मेरे कने. आमी इकडं आलो. माय लोकायच्या घरी दळन-कांडन करायला लागली. आन एक गोस्ट झाली, माह्या मायनं कुत्र्याला भाकर टाकनं सोडलं. धनगराची बाई ती, कुत्र्याबिगर तिचा घास उतरत न्हवता, आन आता गल्लीतलं कुत्रं दारात आलं का फुकनी घेऊन धावायची, मेल्या, माह्या लेकराचा पाय खाल्ला तुह्या जातीनं. लोक हसायचे. म्या खाली मान घालून पंक्चर काढायचो. कितीक साल असंच चाललं.

मंग चाचा थकले, इसरायला लागले. एका दुपारी माय माही भाकर घेऊन दुकानात येऊन बसलेली, आन एक गिऱ्हाईक आलं, बिरीक लागत न्हाई म्हनून. चाचानं रिंगंवरून बोट फिरवलं आन कावले, अरे मिया, रिंग कू तेल लगाया क्या? तेल लगाया तो बिरीक कैसा लगता, आदमी मर जाता. बोलून झालं आन त्याहीच्या ध्यानात आलं का माय बसली हाय. म्या मायकडं पाह्यलं न्हाई. पाना माह्या हातात तसाच राहिला. मायनं भाकरीचं फडकं सोडून माह्यापुढं ठेवलं आन म्हनली, खंडू, भाकर खाऊन घे, कोरड्यास थंड व्हते. संध्याकाळी घरी गेलो. ती चुलीपाशी जेवायला बसली, दारात नेहमीचं कुत्रं येऊन उभं राहिलं, भेत भेत, लांबच. मायनं आपल्या ताटातली अर्धी भाकर मोडली आन त्याच्यापुढं टाकली. म्या पाह्यलं. तिनं पाह्यलं का म्या पाह्यलं. दिवा मोठा केला तिनं आन भांडी घासायला घेतली.

औंदा काय झालं तुमाला ठावंच हाय, रझाकाराची धामधूम, मंग फौज आली, निजामाचं राज गेलं. चाचा गडबडीत दुकानाची चावी माह्या हातात देऊन नांदेडला लेकीकडं गेले, अजून आले न्हाईत, तबियत कशी हाय काय कळत न्हाई, म्या रोज त्याहीची गादी झटकून ठेवतो. आन आमच्या गावाकडलं म्हनाल तर थोरले मालक रझाकाराच्या भेवानं मागल्याच साली बिऱ्हाड घेऊन वाशीमकडं गेले ते तिकडंच. माळ दोन सालापासून कोनी नांगरला न्हाई. बाजारात गावचं मानूस भेटलं, म्हनलं खंडू, माळावर गवत आलं, पहिल्यावानी, आडवायला कोनी न्हाई. म्या मायला सांगितलं. ती म्हनली, पाडव्याला मला ने.

मला चालनं व्हत न्हाई, तिलाबी व्हत न्हाई. तिला सायकलच्या मागं बसवलं, म्या गाडीला टेकून हातानं ढकलत नेली, मधी सेनगावच्या वाटंवर पाहुन्याकडं मुक्काम केला, पन नेली. माळ मोकळा, गवत वाऱ्यानं लवून राहिलं, आन एक मेंढरू न्हाई त्याच्यावर. आमच्याजवळच न्हाई तर कुठून असन. माय खाली उतरली, गवताचा एक झुपका हातात घेतला, वास घेतला, बसली. म्या तिच्यापाशी पाय पसरून बसलो. दिवस वर आला. मंग ती माह्याकडं न पाहता म्हनली, खंडू, ते कुत्रं कोन्या रंगाचं व्हतं रे?

म्या म्हनलो, काळं व्हतं, माय.

ती म्हनली, काळंच असन. आन माह्या वाकड्या गुडघ्यावर हात ठेवला, तो माघारी निघेस्तोर काढला न्हाई.

असं हाय बघा. आता आमचं बरं चाललंय, दोन वक्ताची भाकर हाय, माय हाय, आनखी काय पाहिजे. तुमी हे कागदावर उतरवून राहिले, उतरवा, जे झालं ते झालं तसंच उतरवा, देव तुमच्या लेकराबाळाला सुखात ठेवो. पन माय आता येईन भाकर घेऊन, आन तिला कळलं का तुमी आमचं लिहिलं, तर ती तुमच्याजवळ बसन आन म्हनन, मास्तर, वाचा. तुमाला हात जोडतो, तिथं कुत्रंच वाचा. काळं व्हतं म्हना.